शाळेच्या अंगणातला नाका

डोंगर आणि नदी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत, पुष्कळ वर्षांपूर्वी, एक लहानसं गाव वसलेलं होतं. त्याचं नाव कडेवाडी. गाव काही श्रीमंत नव्हतं. प्रत्येकाकडे चार-सहा शेळ्या, उतारावर नाचणीचा एखादा तुकडा आणि परसात भोपळ्याचा वेल. कुणाच्या वेलाला भोपळे जास्त लागले तर ते शेजारी जायचे, आणि त्याबद्दल कुणी कुणाचे आभार मानत नसे.

गावात एक शाळा होती. एकच खोली, पुढे मोठं अंगण आणि अंगणाच्या पलीकडच्या कोपऱ्यात पाण्याचा रांजण. गुरुजीही एकच. चाळीस वर्षं त्यांनी त्याच खोलीत आधी आया-बापांना शिकवलं आणि मग त्यांच्या पोरांना. जमिनीवर एक लांबलचक तरट अंथरलेलं असे. जो आधी येईल तो पुढे बसे, उशिरा येईल तो मागे.

त्या तरटावर दोन मुली नेहमी एकमेकींना चिकटून बसत. एक सगुणा, दुसरी ठकू. ठकू डोंगराच्या अगदी पायथ्याशी राहायची. तिला वडील नव्हते. आई शेळ्या राखायची, सरपण आणायची. ठकूचं गणित मात्र असं होतं की गुरुजींनी फळ्यावर आकडे लिहून खडू खाली ठेवेपर्यंत तिचं उत्तर तयार. सगुणाचं तसं नव्हतं. तिला तेराचा पाढा कधीच धड आला नाही. गुरुजींनी विचारलं की ती उभी राहायची आणि ठकू खाली मान घालून, ओठ न हलवता, तिला एकेक आकडा पुरवायची. गुरुजींना ते ऐकू येत असे. त्यांनी कधी तसं दाखवलं नाही.

एका वर्षी राजाने घाटापलीकडच्या शहरापर्यंत सडक बांधायला काढली. मोजणीदार आला, दोन दिवस दोऱ्या टाकून हिंडला. डोंगराच्या बाजूने सडक न्यावी तर मध्ये मोठा खडक लागत होता. म्हणून त्याने नदीच्या बाजूने खुंट्या ठोकल्या आणि तो निघून गेला. सगळ्या गावाने आठ महिने दगड वाहिले. डोंगराकडच्या लोकांनी जरा जास्तच वाहिले, कारण दगड कुठून निघतो ते त्यांना माहीत होतं.

सडक झाली आणि तिच्यावरून गाड्या धावू लागल्या. व्यापारी, यात्रेकरू, सरकारी स्वार, सगळे कडेवाडीवरून जाऊ लागले. त्यांना जेवण लागे, झोपायला जागा लागे, बैलांना वैरण लागे. ज्यांची घरं सडकेला लागून होती त्यांनी ओसऱ्यांवर दुकानं मांडली. एकाने चार खोल्या वाढवून सराई काढली. तीन वर्षांत तिच्या बारा खोल्या झाल्या. डोंगराकडे मात्र त्याच शेळ्या होत्या आणि तीच नाचणी. यात कुणाची फार हुशारी नव्हती आणि कुणाचा आळसही नव्हता. खुंट्या जिथे पडल्या तिथे पैसा आला, एवढंच.

सगुणाचं घर सडकेवरचं शेवटचं घर. सडक जिथे गाव सोडून वळते, बरोबर तिथे. तिचे वडील गाडीवानांना फुटाणे आणि गूळ विकत. पोट भरे, अंगावर एक बरा कपडा येई, त्यापुढे काही नाही. सडकेवरचे लोक त्यांना आपल्यातले म्हणत, पण पंगतीचं बोलावणं करताना त्यांचं घर विसरत. सगुणाची आई त्या दिवशी मुद्दाम लवकर चूल विझवायची आणि आपल्याला भूकच नाही म्हणायची.

शाळेतही हळूहळू फरक पडत गेला. सराईच्या मालकांची मुलगी शेवंता एका सकाळी बसायला गालिचा घेऊन आली. लाल, काठाला मोर. गुरुजींनी कौतुकाने तिला पुढे बसवलं. दुसऱ्या आठवड्यात आणखी तिघांचे गालिचे आले. मग कुणी सतरंजी आणली, कुणी घोंगडी. तरट आधीच फाटत आलं होतं. ते गुंडाळून कोपऱ्यात ठेवलं गेलं. डोंगराकडच्या पोरांनी घरून पोत्याचे तुकडे आणले. ठकूच्या घरी पोतं एकच होतं आणि त्यात नाचणी होती, म्हणून ती नुसत्या जमिनीवर बसू लागली.

सगुणाकडे जुनी सतरंजी होती. पहिल्या दिवशी तिने ठकूला हाताने खूण करून बोलावलं. तेवढ्यात शेवंता मागे वळून म्हणाली की सतरंजीला शेळ्यांचा वास लागेल. सगळे हसले. ठकू आली नाही. सगुणानेही पुन्हा बोलावलं नाही.

पुढे पोरांनी एक खेळ काढला. सडकेवर राजाचा जकातनाका होता. तिथे बांबू आडवा टाकून गाड्या अडवत आणि जकात घेतल्यावर सोडत. तसाच नाका पोरांनी शाळेच्या अंगणात मांडला. रांजणाकडे जाण्याच्या वाटेवर एक काठी आडवी धरायची. पाणी प्यायचं असेल त्याने काहीतरी द्यायचं: खडीसाखरेचा खडा, रंगीत गोटी, चिंच, काहीही. गालिचावाल्यांना विचारायची गरज नव्हती, ते तसेच जात. ज्यांच्याकडे द्यायला काही नसे, त्यांना नाकेदार सांगेल ते करावं लागे. एका पायावर उभं राहा. माझं दप्तर घरी पोचव. ‘माझा बाप दगड वाहतो’ असं दहा वेळा म्हण.

गुरुजींच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी नाकेदाराला छडी दिली आणि काठी मोडून टाकली. दुसऱ्या दिवशी दुसरा मुलगा दुसरी काठी घेऊन उभा होता. त्यालाही छडी बसली. मग खेळ गुरुजींची पाठ वळल्यावर होऊ लागला. गुरुजी घरी जाऊन विचार करत बसायचे. चाळीस वर्षांत त्यांना दांडगट पोर चार-पाच वर्षांतून एखादं भेटलं होतं. आता वर्षभरात बारा झाले. त्यातल्या बहुतेकांना त्यांनी अगदी लहानपणापासून पाहिलं होतं. ती वाईट नव्हती. एखादा तर पक्ष्याचं पिल्लू घरट्यातून पडलं म्हणून दिवसभर रडलेला मुलगा होता. मग हे आलं कुठून, हे त्यांना कळेना.

एके दिवशी ऊन फार होतं. मधल्या सुट्टीत काठी सगुणाच्या हातात आली. नाकेदाराचं काम गालिचावाले कधी स्वतः करत नसत. ते सतरंजीवाल्यांना देत आणि आपण सावलीत बसून बघत. सगुणाला ते काम पहिल्यांदाच मिळालं होतं आणि तिला त्याचा थोडा अभिमानही वाटत होता. तीन-चार पोरं चिंचा देऊन गेली. मग ठकू आली.

ठकू काठीपाशी थांबली आणि सगुणाकडे बघून किंचित हसली. तिला वाटलं, काठी वर होईल.

मागून शेवंता म्हणाली, “तिला शेळीसारखं ओरडायला सांग. तीनदा.”

सावलीतली सगळी पोरं सगुणाकडे बघत होती. कुणीतरी म्हणालं की फुटाणेवालीला जमणार नाही बहुतेक. ते सगुणाने ऐकलं. तिने काठी घट्ट धरली आणि म्हणाली, “ओरड तीनदा. मग पाणी.”

ठकूचं हसू हळूहळू मावळलं. तिने सगुणाकडे पाहिलं, मग रांजणाकडे पाहिलं. आणि मग खरोखरच ती तीनदा ओरडली, हळू आवाजात, शेळी ओरडते तशी. पोरं हसली. सगळ्यांत मोठ्याने सगुणा हसली, इतकं मोठ्याने की तिचा घसा दुखला. तिने काठी वर केली. पण ठकू रांजणाकडे गेली नाही. ती वळली, वर्गातून आपली पाटी उचलली आणि डोंगराच्या वाटेने घरी गेली.

दुसऱ्या दिवशी ठकू शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

आठवडा झाला तेव्हा गुरुजी डोंगराकडे गेले. ठकूची आई, कोंडाई, सरपण मोळीत बांधत होती. तिने पाणी दिलं, बसायला घोंगडी टाकली. ठकू शेळ्या घेऊन वर गेली होती. गुरुजींनी काय झालं म्हणून विचारलं. कोंडाई म्हणाली की पोरीने कुणाचं नाव घेतलं नाही. शाळेत जायचं नाही एवढंच म्हणते आणि गप्प बसते. आधी संध्याकाळी शेळ्या आत घेताना ती त्यांचे पाय मोजायची, चारने भागायची, उगाच आईला कोडी घालायची. आता मुकाट्याने दार लावते.

“त्या दिवशी भर उन्हाची घरी आली,” कोंडाई म्हणाली. “तांब्याभर पाणी एका दमात प्यायली. मी म्हटलं, शाळेत पाणी नाही का गं? तर म्हणाली, आहे, पण मला तहान नव्हती.”

गुरुजी परत आले. त्यांनी वर्गात कुणालाही रागावलं नाही. एवढंच सांगितलं की ठकू आता शाळेत येणार नाही म्हणते, आणि का ते आपल्याला ठाऊक नाही. मग ते फळ्याकडे वळले आणि गणित लिहू लागले. अवघड गणित होतं. लिहून झाल्यावर ते सवयीने थांबले. वर्गात कुणीच उत्तर दिलं नाही.

इकडे सगुणाला जेवण जाईना. आईने विचारलं, तिने सांगितलं नाही. नाक्याची काठी तिला पुन्हा दोनदा मिळाली. शेवंता तिला आता जवळ बसवू लागली होती, एकदा तर गालिच्याच्या कडेवर तिला जागाही दिली. ज्या जागेसाठी ती इतके दिवस झुरत होती ती तिला मिळाली होती, आणि तिथे बसलं की तिला आपल्याच घशातून आलेलं ते हसू ऐकू यायचं.

शेवटी एका दुपारी शाळा सुटल्यावर ती मागे राहिली. गुरुजी खडू डब्यात भरत होते. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तळहात पुढे केला.

“मला छडी मारा, गुरुजी. ठकू माझ्यामुळे येत नाही.”

मग तिने सगळं सांगितलं. ऊन, काठी, तीनदा. काही लपवलं नाही. शेवंताने सांगितलं म्हणून केलं, असं मात्र ती म्हणाली नाही. गुरुजींना ते जाणवलं. त्यांनी छडीकडे पाहिलंही नाही. ते तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि त्यांनी विचारलं की ठकू तर तुझी सगळ्यात जवळची, मग असं का केलंस.

सगुणाने पुढे केलेला हात मागे घेतला. मग म्हणाली, “काठीच्या अलीकडे तरी उभं राहावं लागतं, नाहीतर पलीकडे. मी हसले नसते तर उद्या मला ओरडायला लावलं असतं. फुटाणेवाली म्हणून.” आणि ती रडायला लागली.

गुरुजींनी तिला रडू दिलं. त्यांना एकदम काहीतरी उमगलं होतं आणि ते त्यांना मुळीच आवडलं नव्हतं. बारा दांडगट पोरांना त्यांनी छड्या दिल्या होत्या, आणि त्या बाराच्या बारा जणांना बहुतेक हीच भीती होती. तिचं रडणं थांबल्यावर ते म्हणाले, “तू जे केलंस ते तूच केलंस, पोरी. ते तुलाच निस्तरायला हवं. पण ही काठी तू आणली नाहीस. ती कुणी आणली ते मी बघतो.”

दुसऱ्या दिवसापासून सगुणा शाळा सुटली की डोंगराकडे जाऊ लागली. पहिल्या दिवशी ठकू शेळ्यांमध्ये उभी होती. सगुणा म्हणाली की मी चुकले, मी फार वाईट वागले. ठकू ऐकत राहिली आणि मग शेळ्या घेऊन वर निघून गेली. दुसऱ्या दिवशी सगुणा पाटीवर त्या दिवशीचं गणित लिहून घेऊन गेली आणि कुंपणाशी बसून मोठ्याने वाचून परत आली. ठकूने तिच्याकडे पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशीही तसंच. कोंडाईला एव्हाना सगळं समजलं होतं. तिने पोरीला हाकलून दिलं नाही, जवळही बोलावलं नाही. पाण्याचा तांब्या मात्र रोज कुंपणावर आणून ठेवी आणि घरात जाई. सगुणाला त्या पाण्याची फार लाज वाटायची, आणि ती ते पीत असे.

त्याच आठवड्यात शाळेत पुन्हा नाका मांडला गेला. शेवंताने काठी सगुणापुढे धरली. सगुणाने ती घेतली नाही. ती काठीच्या पलीकडे, जिकडे द्यायला काही नसलेली पोरं उभी राहत, तिकडे जाऊन जमिनीवर बसली.

शेवंता म्हणाली, “मग तुलाही ओरडावं लागेल.”

“नको,” सगुणा म्हणाली. “मला पाणीच नको.”

पोत्यावर बसणारा एक मुलगा तिच्या शेजारी येऊन बसला. मग दुसरा. मग सतरंजीवाली दोन पोरं आली. ज्यांनी याआधी कधी ना कधी काठी धरली होती, ती एकेक करून उठली आणि तिकडे जाऊन बसली. ती कशी उठली ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. शेवटी शेवंताचा धाकटा भाऊ, सहा वर्षांचा, गालिच्यावरून उठून दुडदुडत त्यांच्यात गेला, कारण तिकडे जास्त पोरं होती. सगळ्यांना तहान लागली होती आणि सगळे नुसते बसले होते.

शेवंता काठी धरून एकटी उभी राहिली. थोड्या वेळाने तिने काठी खाली टाकली आणि ती रडत घरी गेली.

संध्याकाळी सराईचे मालक तडक पाटलांकडे गेले. माझ्या मुलीला सगळ्या शाळेने वाळीत टाकलं, फुटाणेवाल्याच्या पोरीने चिथावलं, असं त्यांचं म्हणणं. पाटलांनी दुसऱ्या दिवशी चावडीवर गाव बोलावलं. सडकेचे लोक पुढे बसले, डोंगराकडचे मागे उभे राहिले. अलीकडे तशीच रीत पडली होती. सगुणाचे वडील मधल्या खांबाला टेकून, कुणाच्याच बाजूला न बसता, उभे होते.

पाटलांनी गुरुजींना सांगितलं की जो दोषी असेल त्या पोराचं नाव घ्या, त्याला शिक्षा करू आणि विषय संपवू.

गुरुजींनी नाव घेतलं नाही. त्यांनी आधी सगळी हकिकत सांगितली. गालिचे, काठी, रांजण, ठकू. मग म्हणाले, “पोरं हा खेळ माझ्या वर्गात शिकली नाहीत, पाटील. आपल्या नव्या पाणवठ्यावर डोंगराकडच्या बायका सडकेवाल्यांचं भरून होईपर्यंत बाजूला थांबतात. उत्सवाच्या पंगतीत आधी गालिचा मग जमीन, अशी बसवाबसव होते. आत्ता या चावडीत कोण बसलंय आणि कोण उभं आहे ते बघा. पोरं आपलंच बघून खेळतात. आणि पहिला दोष माझा. शेवंताचा गालिचा आला तेव्हा मी तिला पुढे बसवलं. का, तर तिच्या वडिलांनी त्याच आठवड्यात मला शाल पाठवली होती. माझ्या वर्गातला पहिला नाका मीच उभा केला.”

सराईचे मालक उठले. ते म्हणाले की आम्ही कष्टाने कमावलंय, चोरी केलेली नाही, आमच्या मुलांनी चांगलं अंथरूण घ्यायचं नाही की काय. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं आणि बऱ्याच लोकांनी माना डोलावल्या.

तेव्हा मागून कोंडाई बोलली. ती चावडीत याआधी कधी बोलली नव्हती.

“कष्ट केलेच तुम्ही,” ती म्हणाली. “मीही दगड वाहिले, दादा. अंगात ताप होता तरी वाहिले. तुमच्या दारापुढची सडक आहे ना, तिच्यातले दगड माझ्या डोक्यावरून आलेत. मला तुमची सराई नको. माझी पोर पाणी प्यायला गेली की तिला माणसासारखं जाऊ द्या, एवढंच.”

ती एवढं बोलली आणि पुन्हा भिंतीला टेकून उभी राहिली. सराईच्या मालकांच्या शेजारी त्यांची बायको बसली होती. ती उठली, मागे गेली आणि कोंडाईचा हात धरून तिला पुढे घेऊन आली. आपल्या शेजारी बसवून घेतलं. नंतर कळलं की शेवंता आदल्या दिवशी आईला म्हणाली होती, नाका नसला तर माझ्याकडे कुणी येतच नाही.

त्या दिवशी चावडी उशिरापर्यंत चालली. भांडण झालं, आवाज चढले, दोघे उठून गेले आणि परत आले. पण शेवटी काही गोष्टी ठरल्या. जकातीतला गावाचा वाटा आतापर्यंत सडकेवरच्या घरांपुढे फरशा बसवायला जात होता. तो आता डोंगराकडच्या झऱ्याला पायऱ्या बांधायला आणि शाळेतल्या सगळ्या मुलांच्या दुपारच्या जेवणाला जाईल. सराईला लागणारं दूध, सरपण आणि नाचणी बाहेरगावच्या व्यापाऱ्याकडून न घेता डोंगराकडच्या लोकांकडून, त्याच भावाने, घेतली जाईल. सडकेच्या कडेची बाजाराची जागा आळीपाळीने सगळ्यांना मिळेल. आणि शाळेत एकच तरट अंथरलं जाईल. ते विणायला प्रत्येक घरातून एक माणूस येईल. सराईचे मालक पुढचं वर्षभर कुरकुरत होते हे खरं, पण ते तरट विणायला आले. त्यांना विणता येत नव्हतं. कोंडाईने त्यांना गाठ कशी मारायची ते दाखवलं.

शाळेतली भांडणं काही एकदम थांबली नाहीत. पोरं ती पोरंच. कुणी कुणाची चिंच पळवायचं, कुणी ढकलायचं, गुरुजींना ओरडावं लागायचं. पण वर्षअखेरीस गुरुजींनी आठवून पाहिलं, तर दांडगट म्हणावं असं पोर एकच निघालं, आणि तेही दातदुखीने चिडलेलं. बाकीच्यांना आता कुणाला खाली पाडायची गरज वाटत नव्हती. पडायला फार खोल जागाच उरली नव्हती.

ठकूचं मात्र सांगायचं राहिलं.

चावडीनंतर पंधरवड्यानेही सगुणा रोजच्यासारखी पाटी घेऊन डोंगराकडे गेली. चावडीत काय झालं ते ठकूला आईकडून कळलं होतं, पण ती सगुणाशी बोलली नाही. सगुणाने कुंपणाशी बसून गणित वाचायला सुरुवात केली. एका गाडीवानाकडे इतके बैल, एका बैलाला रोज इतकी वैरण, तर तेरा दिवसांची किती. मग ती उत्तर काढू लागली. तेरा सक एकोणऐंशी, असं म्हणून तिने एकोणऐंशी लिहिलं आणि पुढे गेली.

शेळ्यांच्या मागून आवाज आला. “अठ्ठ्याहत्तर.”

सगुणा थांबली. तिने मान वर केली नाही. बोटाने आकडा पुसला आणि अठ्ठ्याहत्तर लिहिलं. पुढचा आकडा तिने वाचला आणि उत्तर काढलं. तोही चुकला होता. या वेळी मुद्दाम नव्हे, खरंच. ठकू शेळ्यांमधून बाहेर आली, कुंपणाशी वाकली आणि तिने पाटी सगुणाच्या हातातून काढून घेतली. सगळं पुसलं. पहिल्यापासून मांडलं. मांडून झाल्यावर पाटी परत दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगुणा शाळेत जायच्या आधी डोंगराकडे गेली, तेव्हा ठकू केस विंचरून, पाटी घेऊन दारात उभी होती. दोघी वाटेने उतरू लागल्या. अर्ध्या वाटेत ठकू थांबली.

“मी विसरलेले नाही,” ती म्हणाली.

सगुणा म्हणाली, “मीही नाही.”

“कधी विसरेन असं वाटत नाही.”

“नको विसरू.”

ठकूने थोडा विचार केला. मग तिने विचारलं, “जेवण काय असतं गं आता शाळेत?”

“नाचणीची भाकरी आणि भोपळ्याची भाजी. भाजी शेवंताची आई करते. खारट असते.”

ठकूला हसू आलं. ते लपवायला ती भराभर पुढे चालू लागली, आणि तिला गाठायला सगुणाला धावावं लागलं.

या गोष्टीतून आपल्याजवळ ठेवायचं ते एवढं: मोठी माणसं आपसात जितकं अंतर वाढवतात, तितकी मुलं एकमेकांना दुखवायला शिकतात. छळणाऱ्या मुलाला त्याची चूक दाखवावीच, पण त्याच्या हातात काठी देणारं अंतर मोठ्यांनीच कमी करायला हवं.